सीमेवर अडलेले बहुमत

ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा की नाही, हा प्रश्न २३ जून २०१६ च्या सार्वमताने निकालात काढला. पण सोडायचा तो कसा, या प्रश्नाने त्या देशाचे राजकारण पुढे साडेतीन वर्षे अडवून धरले. सोडण्याच्या बाजूने सुमारे ५१.९ टक्के मते पडली, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते. राहणे म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक होते, कारण देश १९७३ पासून त्या व्यवस्थेत होता. सोडणे मात्र अनेक प्रकारचे असू शकत होते. नॉर्वेप्रमाणे संघाबाहेर राहूनही त्याच्या बाजारपेठेत राहता आले असते. तुर्कस्तानप्रमाणे फक्त सीमाशुल्कापुरते जोडलेले राहता आले असते. कॅनडाप्रमाणे दुरून व्यापारी करार करता आला असता, किंवा कसलाही करार न करता बाहेर पडता आले असते. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख मतदारांपैकी कोणाच्या मनात यातले काय होते, हे मतमोजणीतून कळण्याची सोय नव्हती. ती निवड संसदेकडे आली आणि संसदेत यातल्या एकाही पर्यायाला बहुमत मिळेना.

या कोंडीच्या बातम्या जगभर लंडनहून गेल्या. तिचे मूळ मात्र लंडनपासून दूर, आयर्लंडच्या बेटावरून जाणाऱ्या एका सीमेत होते. संसदेतले मतांचे आकडे ती सीमा पाहिल्यावरच मला उलगडले. म्हणून पुढची मांडणी माझ्या प्रवासाच्या क्रमानेच केली आहे: वेस्टमिन्स्टर, बेलफास्ट, न्यूरी, क्लोन्सकडचे आडरस्ते आणि शेवटी लार्नचे बंदर.

ब्रिटिश संसद भरते तो वेस्टमिन्स्टरचा राजवाडा शनिवारी बाहेरच्या लोकांना आतून पाहता येतो. कॉमन्सचे सभागृह दूरचित्रवाणीवर दिसते त्यापेक्षा पुष्कळच लहान आहे. खासदार ६५० आणि बसायला जागा सुमारे ४२७. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बफेकीत जुने सभागृह जळाले. नवे बांधताना ते पूर्वीसारखेच अरुंद आणि आयताकृती असावे, असा चर्चिल यांचा आग्रह होता. १९५० मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी सामान भेट दिले. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची आहे, मधले टेबल कॅनडाचे, आणि प्रवेशाचे दरवाजे भारत व पाकिस्तान यांनी दिलेले. हिरव्या बाकांच्या रांगा समोरासमोर आहेत आणि त्यांच्यामध्ये गालिच्यावर दोन लाल रेघा. मतविभागणी पुकारली की घंटा वाजू लागतात आणि आठ मिनिटांनी दारे बंद होतात. तोवर खासदारांनी सभापतींच्या उजवीकडच्या दालनातून ‘होय’साठी किंवा डावीकडच्या दालनातून ‘नाही’साठी चालत जायचे असते. तिसरे दालन नाही. सरकार आणि विरोधी पक्ष असे दोन तट असतील, तर ही पद्धत चोख चालते. २०१८-१९ मध्ये मात्र या खोलीत निदान पाच तट होते आणि त्यांना जायला दालने दोनच होती.

हे तट कसे पडले, ते थोडक्यात असे. सार्वमतानंतर डेव्हिड कॅमेरून यांनी पंतप्रधानपद सोडले आणि जुलै २०१६ मध्ये थेरेसा मे त्या जागी आल्या. १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसमधील भाषणात त्यांनी एकसंध बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ ही दोन्ही सोडण्याची दिशा जाहीर केली. २९ मार्चला युरोपीय संघाच्या कराराचे कलम ५० लागू करणारे पत्र ब्रुसेल्सला पोचले आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी मध्यावधी निवडणूक घेतली आणि त्यांच्या हुजूर पक्षाचे बहुमतच गेले. ८ जून २०१७ च्या या निवडणुकीत पक्षाला ३१७ जागा मिळाल्या. सरकार उभे राहिले ते उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांच्या आधारावर. त्याच वर्षी १३ डिसेंबरला हुजूर पक्षातल्याच बंडखोरांनी ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी एक दुरुस्ती संमत करून घेतली. संघाशी होणारा करार संसदेने कायदा करून मान्य केल्याशिवाय अमलात येणार नाही, असे तीत म्हटले होते. पुढच्या सगळ्या नाट्याची किल्ली त्या चार मतांत होती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये कराराचा ५८५ पानी मसुदा तयार झाला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो सभागृहात २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक काळात ब्रिटिश सरकारचा सभागृहात याहून मोठा पराभव झालेला नाही. ‘नाही’च्या दालनातून त्या रात्री कोण कोण चालत गेले, हे पाहिले की कोंडीचे स्वरूप कळते. करार फारच मवाळ आहे, ब्रिटन संघाच्या नियमांत अडकून पडेल, असे मानणारे हुजूर खासदार त्यात होते. संघ सोडूच नये असे मानणारेही होते. निराळा करार हवा असलेला मजूर पक्ष होता आणि डीयूपीही होता. एकमेकांच्या अगदी उलट इच्छा असलेले हे लोक एकाच दालनात खांद्याला खांदा लावून चालले, कारण नकारासाठी एकमत लागत नाही. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा मे यांचे सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी तरले. ज्या हुजूर बंडखोरांना करार नको होता, त्यांना मजूर पक्षाचे सरकार तर मुळीच नको होते. एरवी इतक्या मोठ्या पराभवानंतर पंतप्रधानांनी संसद विसर्जित करून लोकांसमोर जावे, अशी तिथली रीत. पण २०११ च्या कायद्याने संसदेची मुदत पाच वर्षांची ठरवली होती, आणि मध्यावधी निवडणुकीसाठी एक तर दोन तृतीयांश खासदारांची संमती, नाहीतर संमत झालेला अविश्वास ठराव लागे. धोरण पुढे सरकत नव्हते आणि सरकारही जात नव्हते. राजकीय कोंडी याहून घट्ट असू शकत नाही.

मार्चमध्ये ती आणखी आवळली. १२ मार्चला करार दुसऱ्यांदा २४२ विरुद्ध ३९१ मतांनी पडला. १८ मार्चला सभापती जॉन बर्को यांनी १६०४ पासूनच्या प्रथेचा दाखला देऊन, तोच प्रश्न त्याच अधिवेशनात फिरून मांडता येणार नाही असे बजावले. मूळ वेळापत्रकाप्रमाणे २९ मार्च हा संघ सोडण्याचा दिवस. त्याच दिवशी करार तिसऱ्यांदा २८६ विरुद्ध ३४४ मतांनी फेटाळला गेला. दरम्यान खासदारांनी कामकाज सरकारच्या हातून आपल्याकडे घेऊन, कोणत्या पर्यायाला किती पाठिंबा आहे ते स्वतःच चाचपून पाहिले. २७ मार्चला आठ पर्याय मतदानाला आले आणि आठही पडले. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा घेतले, तेही पडले. त्यांतला कायमस्वरूपी सीमाशुल्क संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६ मतांनी हुकला. तीन मते. सौम्य मार्ग हवा असलेल्या अनेकांनी दुसऱ्या सार्वमताच्या आशेने त्या पर्यायाला हात दिला नाही, आणि दुसरे सार्वमत मागणाऱ्यांनाही बहुमत मिळाले नाही. प्रत्येक गटाला आपला पहिल्या पसंतीचा पर्याय अजून जिवंत आहे असे वाटत राहिले, म्हणून दुसऱ्या पसंतीवर कोणी उतरेना. या साडेतीन वर्षांतली सर्वांत मोठी चूक माझ्या मते हीच होती, आणि ती सर्व बाजूंनी केली. ३ एप्रिलला कराराविना बाहेर पडणे टाळण्यासाठी मुदतवाढ मागायला लावणारे विधेयक ३१३ विरुद्ध ३१२, अशा एका मताने संमत झाले. मुदत आधी १२ एप्रिलपर्यंत वाढली होती, ती आता ३१ ऑक्टोबरपर्यंत गेली. २४ मे रोजी मे यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

राजवाड्यासमोर पार्लमेंट स्क्वेअर हा चौक आहे. त्या काळात तिथे निळे झेंडे घेतलेले संघसमर्थक आणि ‘आताच सोडा’ म्हणणारे विरोधक रोज समोरासमोर उभे असत. पलीकडच्या हिरवळीवर वाहिन्यांचे तंबू पडलेले असत. चौकाच्या पश्चिमेला सर्वोच्च न्यायालय आहे आणि त्याच्यासमोर २०१५ मध्ये उभारलेला महात्मा गांधींचा पुतळा. या न्यायालयाने कोंडीत दोनदा हात घातला. जानेवारी २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की कलम ५० लागू करण्यासाठी संसदेची परवानगी घ्यावीच लागेल. दुसरा निकाल २४ सप्टेंबर २०१९ चा. जुलैत पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन यांनी ऐन मुदतीच्या तोंडावर संसद पाच आठवडे तहकूब करवली होती. अकरा न्यायमूर्तींनी ती तहकुबी एकमताने बेकायदा ठरवली. लिखित राज्यघटना नसलेल्या देशात संसद बंद ठेवण्याला मर्यादा आहे, हे न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे सांगणे ही मोठी गोष्ट होती. पण तो निकाल संसदेला बोलू देणारा होता. काय बोलावे ते न्यायालय सांगू शकत नव्हते.

करार पडत होता तो मुख्यतः त्यातल्या एका तरतुदीमुळे. तिला ‘बॅकस्टॉप’ म्हणत. ती समजण्यासाठी आयरिश समुद्र ओलांडावा लागतो.

बेलफास्टच्या पूर्वेला स्टॉरमॉन्टच्या टेकडीवर उत्तर आयर्लंडची विधानसभा आहे. १९३२ मध्ये उघडलेली ही पांढरी इमारत एका लांबच लांब सरळ रस्त्याच्या टोकाशी उभी आहे. वाटेत एडवर्ड कार्सन यांचा हात उंचावलेला पुतळा लागतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनशी जोडलेले राहावे म्हणून लढणाऱ्यांचे हे पुढारी जन्माने डब्लिनचे होते. सार्वमतात उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी संघात राहण्याचा कौल दिला. तो लंडनपर्यंत पोचला मात्र उलटा होऊन. २०१७ नंतर तिथल्या अठरा खासदारांपैकी दहा डीयूपीचे होते आणि तो पक्ष संघ सोडण्याच्या बाजूचा. सात शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे होते. ते ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठेची शपथ घेत नाहीत, म्हणून आपल्या जागांवर बसतच नाहीत. उरला एक अपक्ष. बेलफास्टमधूनही वेगळा आवाज उठू शकला नाही, कारण जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनवादी आणि राष्ट्रवादी पक्षांची सत्तेतली भागीदारी मोडली आणि जानेवारी २०२० पर्यंत स्टॉरमॉन्ट बंदच होते. ज्या प्रदेशाच्या सीमेवर सगळे काही अडले होते, त्याला वाटाघाटींच्या त्या तीन वर्षांत स्वतःचे सरकार नव्हते आणि सभागृहातले त्याचे बहुतेक प्रतिनिधी त्याच्या बहुमताच्या विरुद्ध होते. कोंडीच्या इतिहासात ही बाब नेहमी तळटीपेत जाते. ती मजकुरात, आणि वरच्या ओळींत असायला हवी.

बेलफास्टहून डब्लिनला जाणाऱ्या एंटरप्राइझ गाडीने न्यूरी गाठता येते. न्यूरीहून आयर्लंड प्रजासत्ताकातल्या डंडॉकला जाणारा महामार्ग सीमा ओलांडतो, पण कुठे ओलांडतो ते डोळे उघडे ठेवून बसलो तरी हुकू शकते. आधी भ्रमणध्वनीवर नव्या जाळ्याचा संदेश येतो. मग वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागतात, गावांची नावे आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत येतात आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते. नाका नाही, शिपाई नाही, गाडीचा वेगही कमी होत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांत पौंड आणि युरो दोन्ही चालतात. उत्तरेतल्या गोठ्यांतले दूध दक्षिणेतल्या डेअऱ्यांत जाते. डब्लिनला तयार झालेली गिनेस बिअर बेलफास्टला बाटल्यांत आणि डब्यांत भरली जाऊन पुन्हा दक्षिणेत विक्रीला येते. २००७ पासून साऱ्या बेटाचा विजेचा घाऊक बाजारही एकच आहे.

हा मोकळेपणा जुना नाही. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा सीमा परगण्यांच्या जुन्या हद्दींवरूनच ठरवली गेली. त्या हद्दी कधी दोन देशांना वेगळे करतील असे आखताना कोणाच्या मनात नव्हते. ती सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि दोनशेहून अधिक रस्ते तिला छेदतात. जकात नाके १९२३ पासून उभे राहिले. उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटनवादी-राष्ट्रवादी संघर्षाच्या तीस वर्षांत, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत, सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. त्या काळात हे नाके राज्यसत्तेची सर्वांत सोपी निशाणे ठरले. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरीच्या सीमाशुल्क कचेरीत बॉम्ब फुटला. नऊ जण मेले: कचेरीतले कर्मचारी, मालमोटारींचे चालक आणि बॉम्ब घेऊन आलेले स्वतः. दक्षिण आर्मामधल्या टेकड्यांवर ब्रिटिश सैन्याचे टेहळणी मनोरे होते, ते शांतता करारानंतर टप्प्याटप्प्याने उतरवले गेले. स्लीव्ह गलियनच्या उतारावर उभे राहिले की आता फक्त मेंढ्यांची कुरणे दिसतात. पूर्वी या भागात सैन्याला रस्त्यापेक्षा हेलिकॉप्टर सुरक्षित वाटत असे.

सीमा विरघळली ती दोन गोष्टींनी. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपीय संघाची एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि मालाच्या जकात तपासणीचे कारणच संपले. १० एप्रिल १९९८ च्या शांतता कराराने, म्हणजे गुड फ्रायडे कराराने, सैनिकी तपासणीची गरज हळूहळू संपवली. उत्तर आयर्लंडच्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावे, आयरिश म्हणावे किंवा दोन्ही, असा हक्क त्या कराराने दिला. तिथल्या ७१ टक्के मतदारांनी तो सार्वमतात मान्य केला. दोन बाजूंची स्वप्ने परस्परविरोधी होती आणि अजूनही आहेत. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग राहिले, तरी आयर्लंडशी जोडलेल्या माणसाला रोजच्या जगण्यात ती रेघ जाणवू नये, या एका सोयीवर ती स्वप्ने शेजारी शेजारी नांदू शकली. ब्रिटनने संघ सोडल्यावर त्यातला पहिला आधार निघणार होता आणि त्यामुळे दुसऱ्यावर ताण येणार होता.

क्लोन्स हे मोनाहन परगण्यातले छोटे गाव. तिथून कॅव्हनला जाणारा रस्ता थोड्याशा अंतरात चार वेळा सीमा ओलांडतो: दक्षिण, उत्तर, दक्षिण, उत्तर, पुन्हा दक्षिण. बाजूला हिरवीगार शेते, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, मधूनच तळी. देश बदलल्याची खूण म्हणून रस्त्याची रेघ तेवढी रंग बदलत राहते. हिंसाचाराच्या वर्षांत सैन्याने असे कितीतरी आडरस्ते सुरुंगाने खणून किंवा सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केले होते. गावकरी रविवारी फावडी घेऊन खड्डे बुजवत आणि सैन्य ते पुन्हा खणत असे. भोवतालच्या गावांशी संबंध तुटल्यामुळे क्लोन्सचा बाजार बसला. इथे सीमेचा विषय काढला की वयस्क माणसे व्यापाराच्या आकड्यांविषयी बोलत नाहीत. पलीकडच्या शेतावर जायला किती मैलांचा वळसा पडे, ते सांगतात. ‘फक्त एक कॅमेरा लावू, माल आगाऊ नोंदवून घेऊ, नाका लागणार नाही’ असे लंडनमध्ये सुचवले जात होते. २९ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्सने अशा ‘पर्यायी व्यवस्था’ शोधण्याच्या बाजूने ३१७ विरुद्ध ३०१ असे मत दिलेही. पण नॉर्वे आणि स्वीडन यांच्यासारख्या दोन सलोख्याच्या, तंत्रज्ञानात पुढे असलेल्या देशांच्या सीमेवरही सीमाशुल्काची ठाणी आहेत. आणि क्लोन्सच्या रस्त्यावर कॅमेऱ्याचा खांब नुसता खांब राहत नाही. तो फोडला जाईल, मग त्याच्या राखणीला पोलीस येतील, मग पोलिसांच्या राखणीला सैन्य. ही साखळी इथल्या लोकांनी पाहिलेली आहे.

या रस्त्यावर उभे राहून वेस्टमिन्स्टरचे आकडे पुन्हा वाचले की सगळे जुळते. मे यांच्या सरकारने तीन आश्वासने दिली होती. ब्रिटन संघाच्या बाजारपेठेतून आणि सीमाशुल्क संघातून बाहेर पडेल. आयर्लंडच्या सीमेवर नाके येणार नाहीत. उत्तर आयर्लंड आणि उरलेले ब्रिटन यांच्यामध्येही कसली तपासणी होणार नाही. यातली कोणतीही दोन एका वेळी पाळता येतात, तिन्ही नाही. कारण दोन बाजारपेठांचे नियम वेगळे झाले की तपासणी कुठे तरी करावीच लागते. हुजूर पक्षातले कट्टर संघविरोधक पहिले आश्वासन सोडायला तयार नव्हते, डब्लिन आणि ब्रुसेल्स दुसरे, आणि डीयूपी तिसरे. बॅकस्टॉप ही पहिल्यातून थोडी वाट काढण्याची तरतूद होती: दुसरा उपाय सापडेपर्यंत सारे ब्रिटन संघाच्या सीमाशुल्क कक्षेत राहील आणि उत्तर आयर्लंड काही अधिक नियम पाळील. त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नव्हते, म्हणून संघविरोधक तिला सापळा म्हणत. महाधिवक्ता जेफ्री कॉक्स यांनी १२ मार्च २०१९ रोजी तो कायदेशीर धोका कायम असल्याचे सांगितले आणि त्याच संध्याकाळी करार दुसऱ्यांदा पडला.

आयर्लंडच्या बाजूने हा आग्रह धरणाऱ्या पंतप्रधानांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मालवणजवळच्या वराड गावचे, आई आयरिश. जून २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि संघातल्या बाकीच्या सर्व देशांना त्यांनी सीमेच्या प्रश्नावर आपल्यामागे उभे केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रुसेल्सच्या शिखर बैठकीत भोजनाच्या वेळी त्यांनी इतर नेत्यांसमोर वर्तमानपत्राचा एक अंक ठेवला. त्यात १९७२ च्या त्या बॉम्बस्फोटातल्या मृतांविषयीचा लेख होता. लंडनमधल्या काहींना ते भावनिक दडपण वाटले. न्यूरी पाहिलेल्या माणसाला तसे वाटणार नाही. अखेर वाट निघाली तीही त्यांच्याच भेटीतून. १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळच्या थॉर्नटन मॅनरमध्ये जॉन्सन आणि वराडकर भेटले आणि आठवड्याभरात, १७ ऑक्टोबरला, नवा करार जाहीर झाला. त्याच डिसेंबरअखेर वराडकर कुटुंबासह वराडला आले, तोवर ब्रिटनमधली कोंडी फुटली होती.

नव्या करारात तिसरे आश्वासन सोडून दिले होते. कायद्याने उत्तर आयर्लंड ब्रिटनच्याच सीमाशुल्क प्रदेशात राहणार होते, पण मालाला संघाचे नियम लागू होणार होते आणि ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी बंदरांवर होणार होती. कोणत्याही ब्रिटिश पंतप्रधानाला हे मान्य करता येणार नाही, असे मे फेब्रुवारी २०१८ मध्ये सभागृहात म्हणाल्या होत्या. जॉन्सन यांना ते शक्य झाले, कारण डीयूपीच्या दहा मतांनी सरकार टिकण्याची वेळ निघून गेली होती. ३ सप्टेंबरला २१ हुजूर खासदारांना पक्षादेश मोडल्याबद्दल बाहेर काढल्यावर बहुमत उरलेच नव्हते. आता त्यांना नवी संसदच हवी होती. १९ ऑक्टोबरला, शनिवारी, सभागृह बसले. शनिवारची अशी बैठक १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर प्रथमच होत होती. त्या दिवशी निर्णय पुढे ढकलला गेला. २२ ऑक्टोबरला करार तत्त्वतः ३२९ विरुद्ध २९९ मतांनी संमत झाला, आणि लगेच त्याचे घाईचे वेळापत्रक ३०८ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळले गेले. मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढली. त्या एका निवडणुकीपुरता वेगळा कायदा करून १२ डिसेंबरला मतदान झाले. हुजूर पक्षाने ३६५ जागा आणि ८० चे मताधिक्य मिळवले, तर उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनवादी खासदारांपेक्षा आयरिश राष्ट्रवादी खासदार इतिहासात पहिल्यांदाच जास्त निवडून आले. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन संघाबाहेर पडले.

वेस्टमिन्स्टरमधून कोंडी हलली, पण संपली नाही. ती आयरिश समुद्रावर आली. स्कॉटलंडमधल्या केर्नरायनहून लार्नला येणारी बोट दोनेक तासांत पोचते. १ जानेवारी २०२१ पासून त्या धक्क्यावर एकाच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात आलेल्या मालाची कागदपत्रे तपासली जाऊ लागली. ब्रिटनमधली माती लागलेली रोपे अडली, बियाण्याचे बटाटे अडले, थंड ठेवलेल्या मांसपदार्थांवरून दोन सरकारांत जुंपली. लार्नच्या भिंतींवर धमक्या रंगवल्या गेल्या आणि १ फेब्रुवारीला तपासनीसांना काही दिवस कामावरून दूर ठेवावे लागले. या गावातला ब्रिटनवादी माणूस म्हणतो की क्लोन्सच्या लोकांना रेघ नको होती म्हणून ती आमच्या दारात काढली. त्याच्या म्हणण्यातले दुःख खरे आहे आणि ते क्लोन्सच्या दुःखाचे उत्तर नाही, हेही खरे आहे. रेघ कुठे तरी पडणार हे २०१६ मध्ये त्या दोघांनाही कोणी सांगितले नव्हते. प्रचारात उत्तर आयर्लंडचा उल्लेख अभावानेच झाला. ती जबाबदारी मत मागणाऱ्यांची होती आणि ती त्यांनी टाळली, असे म्हणणे भाग आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपीने या तपासणीच्या निषेधार्थ सत्तेतली भागीदारी सोडली आणि स्टॉरमॉन्ट पुन्हा दोन वर्षे बंद पडले. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने माल दोन रांगांत विभागला: उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या रांगेतून, कमी कागदपत्रांनिशी, आयर्लंडकडे पुढे जाऊ शकणारा लाल रांगेतून, पूर्ण तपासणीनिशी. दुकानांत अनेक खाद्यपदार्थांवर ते संघात विकायचे नाहीत अशी चिठ्ठी दिसते, ती याच आराखड्यामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधानसभा पुन्हा बसली आणि शिन फेनच्या मिशेल ओनील पहिल्या राष्ट्रवादी प्रथम मंत्री झाल्या. २०१९ च्या करारात एक तरतूद आहे: ही व्यवस्था चालू ठेवावी की नाही, यावर ठरावीक काळाने स्टॉरमॉन्टने मत द्यायचे. पहिले मतदान डिसेंबर २०२४ मध्ये झाले. व्यवस्था बहुमताने टिकली, पण ब्रिटनवादी पक्षांचा पाठिंबा नसल्यामुळे ती आठऐवजी चारच वर्षांसाठी पुढे गेली. पुढचे मतदान २०२८ मध्ये आहे.